गिरणीपुढचं बाकडं

मंगळवार, १४ ऑक्टोबर २००३

ह्यांनी आज घरघंटी आणली. "आता गिरणीत ताटकळत बसायला नको तुला," म्हणाले. पोरं नाचली. मीही हसले. दुसरं काय करणार?

गिरणीत डबा नंबराला लावला की बाहेरच्या बाकड्यावर बसायचं. तिथं मला कुणी हाक मारत नव्हतं. तेवढंच एक बाकडं माझं होतं, हे ह्यांना कधी सांगितलंच नाही. सांगून कळलं असतं?

संध्याकाळी नव्या पिठाच्या भाकरी केल्या. पीठ मुद्दाम नीट मळलं नाही. भाकरीला चिरा पडल्या.

सासूबाईंनी तुकडा मोडला, माझ्याकडं बघितलं आणि ह्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "ह्या पिठाला चिकटाई न्हाय. ज्वारी गिरणीतनंच दळून आणत जा की."

मग हळूच म्हणाल्या, "रविवारी जा. लई गर्दी असती."