खिडकीजवळचा पलंग

११ मार्च, मंगळवार
आज वॉर्ड पुसताना सहा नंबरच्या आजी म्हणाल्या, "बाळ, संडासाच्या वासानं घास उतरत नाही गं. खिडकीची जागा मिळेल का?" खिडकीशी नऊ नंबर. तिथल्या मास्तरीणबाईंना कसंबसं विचारलं. "ने बाई, मला ऊन सोसतच नाही." दोघींची अदलाबदल करून दिली. आजी किती खूश! मला पण बरं वाटलं. सांगितलं कोणालाच नाही.

१२ मार्च
लिहायला हात उचलत नाही.
सिस्टर दुपारी ड्युटीवर आली. "नऊ नंबर, शुगरची सुई." शुगर मास्तरीणबाईंना आहे, आजींना नाही. पण कागद त्या नंबरालाच लटकलेला — आणि तिथे आता आजी. त्यांनी निमूट दंड पुढे केला. दवाखान्यात देतात ते घ्यायचं, एवढंच त्यांना माहीत.
मी तिथेच होते. बादली हातात. मला कळलं होतं. तोंड उघडलं, आवाज निघाला नाही. शाळेत हजेरीला व्हायचं तसंच. मी 'हजर' म्हणेपर्यंत बाई पुढच्या नावावर. म्हणून तर आठवीत सोडली.
अर्ध्या तासात आजी घामानं निथळल्या. हात थरथर, काहीतरीच बोलायला लागल्या. तेव्हा पळत जाऊन डॉक्टरांचा कोट ओढला. ग्लुकोज लावलं. वाचल्या.
सगळे म्हणतात, पोरगी हुशार, हिच्या लक्षात आलं.

१३ मार्च
मेट्रनबाईंनी सिस्टरला घरी बसवलं. चौकशी आहे. नोकरी जाईल म्हणतात.
आजींच्या मुलानं मला हात जोडले. "तुझ्यामुळं माझी आई आहे." मी खाली बघत राहिले. सगळ्यांना वाटलं लाजतेय.
लाजतच होते.

१४ मार्च
हे काम आत्यानं लावून दिलंय, ती पण इथेच आया आहे. तिला सांगितलं. "तुला कोणी विचारलंय का? मग गप्प बस. सिस्टर शिकलेली आहे, तिला कुठेही मिळेल. आपल्याला दारात कोण उभं करतं?"
गप्प बसणं मला शिकवायला नको.

१५ मार्च
जेवण गेलं नाही.

१६ मार्च
आजींची वेणी घालताना सांगितलं. पाठमोऱ्या होत्या म्हणून जमलं. कळूनही बोलले नाही, हेही सांगितलं.
माझ्या हातून वेणी दोनदा सुटली.
मग आजी म्हणाल्या, "मला सांगितलंस ते मेट्रनबाईंना सांग. त्या काही सुई टोचत नाहीत."

१७ मार्च
सांगितलं. मध्ये दोनदा थांबले. मेट्रनबाई ओरडल्या नाहीत, तेच जास्त लागलं.
"पलंग बदलून सांगितलं नाहीस, ही चूक. बघून गप्प राहिलीस, ती मोठी. पण नाव न विचारता सुई द्यायची सवय तुझी नाही, आमची. आजपासून बंद."
आत्या बोलत नाही माझ्याशी.

१९ मार्च
सिस्टर परत आली. आजींना म्हणाली, "आधी नाव सांगा." मग माझ्याकडे वळली. मला पळून जावंसं वाटलं.
"त्या दिवशी तुझं तोंड उघडलेलं मी बघितलं होतं," म्हणाली. "घाईत होते. थांबले नाही. पुढच्या वेळी आवाज निघाला नाही तर बादली आपट."