पाइपाखाली माझी कांगडी आहे

सुला,

नळ गोठलाय. तुझा खालचा पण अन् माझा वरचा पण. जिन्याखालचा नळ मी रात्री थेंबथेंब चालू ठेवला होता, तो तूच बंद केलास ना, टपटपीनं झोप येत नाही म्हणून? अरे बाबा, चिल्लई कलानच्या या चाळीस दिवसांच्या कडक थंडीत टपटप थांबली की पाणी पाइपातच बर्फ होऊन बसतं!

आता घाईनं उकळतं पाणी ओतू नकोस. अब्बांच्या वेळचा पाइप आहे, तडकला तर तुझी चूल अन् माझी चूल, दोन्ही कोरड्या. त्याला मी माझा अंगातला जुना लोकरी फेरन गुंडाळलाय अन् खाली निखारे भरून माझी कांगडी ठेवलीय. फेरन पेटत नाही ना, तेवढं बघ.

तुझी वहिनी म्हणते, "सख्ख्या भावाशी हिवाळाभर अबोला, अन् पाइपाला ऊब!" मी म्हटलं, "पाइप उलटून बोलत नाही."

न्याहारीला मटणाचा गरम हरिसा आणायला चाललोय. जरा जास्तच आणतो. पाणी सुटलं की कांगडी वर आणून दे. पोरीच्या हातनं धाडू नकोस, स्वतः ये. कांगडीवाचून मला फार गार वाजतं रे.

गफारदादा