अर्धं पोलीसदल

३ ऑक्टोबर, मंगळवार

रॉन गेला! सकाळी किल्ल्यांचा जुडगा माझ्या टेबलावर टाकला, म्हणाला, "मार्गिट, आता तूच चीफ." आणि निघाला फ्लोरिडाला, मेव्हण्याबरोबर होड्या विकायला. अकरा वर्षं माझा साहेब होता. निरोपाचं वाक्य एक.

तर आजपासून स्प्रूस लँडिंगच्या पोलीसदलाची मी प्रभारी प्रमुख. मंजूर जागा तीन, माणूस एक. दुपारी मीच मला गस्तीवर पाठवलं, संध्याकाळी मीच माझ्याकडून अहवाल मागवला. शिस्त उत्तम आहे.

पूर्ण पेन्शनला चौदा महिने उरलेत. रेटायचे.

१० ऑक्टोबर

कौन्सिलची सभा. रिकाम्या जागांचा विषय आठव्यांदा. महापौर म्हणजे आमचा डेल — हार्डवेअरचं दुकान चालवतो, शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसून माझ्या वेण्या ओढायचा. म्हणाला, "अगं, जाहिरात लावलीय की!" कुठे? त्याच्याच दुकानात, काउंटरला, उंदराच्या सापळ्यांशेजारी. अकरा महिन्यांत उंदीरही आला नाही.

बुलेटप्रूफ जॅकेटांचं बोलले. दोन आहेत, दोन्हींची मुदत संपून सात वर्षं झाली. डेल म्हणतो, "मुदत दुधाला असते गं. गोळीला काय तारीख वाचता येते?" सगळे हसले. मीपण हसले. राग आत्ता येतोय, जेवणं झाल्यावर.

१९ ऑक्टोबर

अर्ज आला! एक. पण आला!

२४ ऑक्टोबर

होदान वारसमे. एकतीस वर्षांची, सेंट क्लाउडची. आईवडील सोमालियातून आलेले, ही शिकली-वाढली इथेच. पोलिसी प्रशिक्षणात वर्गात दुसरी. मी विचारलं, "मग आमच्या गावात कशाला येतेस बाई?" म्हणाली, "मोठ्या शहरात मी चाळिसावी असेन. इथे लगेच दुसरी."

मुलाखतीला कौन्सिलचे पाचच्या पाच हजर. एरवी तिघं जमवायला बर्निसला — ही आमची नगर-कारकून — घरोघर फोन करावे लागतात. पाचांतल्या आर्नेने घसा खाकरला. "तुम्ही डोक्याला रुमाल बांधता. त्यावर टोपी कशी बसणार?" या एका प्रश्नावर पंचवीस मिनिटं चर्चा! इलॅस्टिक, नियम, वारा... शेवटी ती उठली, खुंटीवरची रॉनची टोपी घेतली, घातली, जागेवर येऊन बसली.

"बसली," म्हणाली.

मग आर्नेला थंडीची काळजी. अरे, सेंट क्लाउडला काय नारळ लागतात?

बाहेर डेलने मला गाठलं. "गावाला रुचेल का गं?" म्हटलं, "अकरा महिने रिकामी खुर्ची रुचली, तर ही रुचेल." तीन विरुद्ध दोन. घेतली!

६ नोव्हेंबर

होदानचा पहिला दिवस. रॉनचं जॅकेट दिलं. त्यात तिच्यासारख्या दोन मावतील. आरशात बघून म्हणते, "चीफ, उरलेली जागा भाड्याने देऊ का?"

आवडली मला.

१३ नोव्हेंबर

आठवडाभर तिला घेऊन फिरतेय. कोणाचा कुत्रा चावतो, कोणाचा नवरा चावतो, सगळं दाखवलं. आज दगडखाणीच्या टेकडीपलीकडे गेलो. तिथे वायरलेस बंद पडतो, मोबाईलही. पलीकडे नऊ घरं.

"मग तिकडे काही झालं तर काय करता?"

"तिकडे काही होऊ नये अशी इच्छा करतो."

हसली नाही. वहीत लिहून घेतलं.

टेकडीवर वायरलेसचा आवाज पलीकडे पोचवणारं एक यंत्र बसवलं की भागेल. चार वर्षं मागतेय. चारही वर्षं 'पुढल्या वर्षी'.

२१ नोव्हेंबर

राज्याच्या पोलीस खात्याचं पत्र. वर्ष संपायच्या आत तीन दिवसांचं सक्तीचं प्रशिक्षण, नाहीतर माझा परवाना रद्द. विषय असा: 'सशस्त्र व्यक्ती घरात अडून बसल्यास दोन अधिकाऱ्यांनी करावयाची कार्यवाही'. त्यासाठी दोघींतली एक जाणार सेंट पॉलला. कार्यवाहीला मागे उरणार एक. कोणी सुचवलं असेल? नक्कीच कमिटी असणार. एकट्या माणसाला एवढं सुचत नाही.

२८ नोव्हेंबर, सेंट पॉल

हॉटेलचा हॉल. गालिचा इतका जाड की बूट रुतले. प्रशिक्षकाचे दात फार पांढरे. पडद्यावर मोठ्या अक्षरांत: नियम पहिला — एकट्याने कधीही जाऊ नका.

मी हात वर केला. "कुमक पन्नास मिनिटांवर असेल तर?"

"तर थांबा."

"आणि आतला माणूस थांबला नाही तर?"

त्याने माझ्या छातीवरची पट्टी वाचली. "मॅडम, तुमच्या दलात किती जण?"

"दोन."

"मग दुसऱ्याला बोलवा ना."

"दुसरी मी आहे. इथे बसलेय."

हॉलमध्ये हशा. जेवणाच्या सुट्टीत तीन गावांच्या चीफनी येऊन हात मिळवला. हसत नव्हते. तिघांचीही तीच गत.

२९ नोव्हेंबर

आजचं आजच. लिहून काढते.

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी बर्निसचा फोन. व्हर्जिल तोफ्टे. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. सप्टेंबरात बायको आर्डिसला स्मृतिभ्रंशापायी वृद्धाश्रमात ठेवावं लागलं, तेव्हापासून एकटा. त्याने डुलुथला मुलीला फोन केला, नीट निरोप घेतला आणि हरणं मारायची बंदूक घेऊन नावेच्या शेडमध्ये जाऊन बसला. मुलीनेच बर्निसला कळवलं. घर टेकडीपलीकडे.

होदान निघाली होती. कौंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या शेरीफचे पोलीस पन्नास मिनिटांवर, रस्त्यावर बर्फ. बर्निस म्हणाली, "मी तिला थांब म्हटलं गं! तर म्हणते, तो थांबणार आहे का?"

नंतर वायरलेस गप्प.

इथून गाव तीन तासांवर. मी बाहेर कॉफीच्या यंत्राशी उभी. दार उघडंच होतं. आत पडद्यावर दोन बाण, लाल आणि निळा. "पहिला अधिकारी दाराशी. दुसरा खिडकीशी." मी मनात म्हणत होते — होदान दाराशी. होदान खिडकीशी. कोणीतरी मला बिस्किट दिलं, ते मी मुठीत चुरलं.

तीन वाजून चार मिनिटं. बर्निस. रडत होती, शब्द कळेना. मी ओरडले, "जिवंत आहे का सांग आधी!"

"दोघंही," म्हणाली. "शेरीफच्या माणसाने घरातल्या फोनवरून कळवलं, तो पोचला तर हे दोघं स्वयंपाकघरात बसून टोस्ट खातायत!"

आत टाळ्या पडल्या. धडा संपला होता.

१ डिसेंबर

परत आले. प्रमाणपत्र मिळालंय, सोनेरी कडेचं.

होदानने आज सांगितलं. एरवी बडबडी, हे मात्र तुकड्यातुकड्यांनी.

शेडच्या दाराबाहेर उभी राहिली. आतून म्हातारा, "कोण?"

"पोलीस."

"किती जण आलात?"

"एकटीच आहे."

"बाकीचे कुठायत?"

"अर्धं पोलीसदल ट्रेनिंगला गेलंय."

आतून, "काय शिकायला?"

"एकटीने जाऊ नये, हे."

म्हातारा हसायला लागला. हसता हसता खोकला, खोकता खोकता रडायला लागला. आर्डिस त्याला आता 'साहेब' म्हणते, ओळखत नाही. हिने सगळं ऐकून घेतलं, बाहेर उणे बारा अंशांत, अर्धा तास. मग तो म्हणाला, "गारठशील पोरी, आत ये." ही म्हणाली, "येते. आधी बंदूक बाहेर सरकवा. माझ्या जॅकेटची मुदत संपलीय."

त्याने सरकवली.

मी म्हटलं, "शाब्बास!" तिने चहाचा कप उचलला तर चहा बशीत सांडायला लागला. दोन दिवसांनी! मी कप धरला. मग तिचा हातही धरला. ती म्हणाली, "चीफ, मला एकदाही आठवलं नाही काय शिकवलं होतं ते. फक्त वाटत होतं, कोणीतरी मागे असावं."

मी नव्हते.

१२ डिसेंबर

कौन्सिलने केक आणला. त्यावर 'धन्यवाद हॉडन'. असो.

डेलचं भाषण — "एका अधिकाऱ्याने, एकटीने, अपुऱ्या साधनांत..." उठून टाळ्या. व्हर्जिलची मुलगी आली होती, तिने होदानला मिठी मारली, सोडेचना. मला वाटलं, आज यंत्र मंजूर होणार!

पुढचा विषय, अंदाजपत्रक. आर्नेच्या मिशीला अजून क्रीम. म्हणतो, "एकटीने निभावलं ना? मग दोन कशाला?"

मला वाटलं थट्टा करतोय. माना हलल्या. यंत्र पुढल्या वर्षी, आणि एक जानेवारीपासून पोलिसाची जागा एक. मी उभी राहिले, तावातावाने बोलले, टेबलावर हात आपटला. डेलने घड्याळ दाखवलं — प्रत्येकाला तीन मिनिटं. मग वर म्हणतो, "दोघींपैकी कोण राहणार ते तुम्हीच गोडीने ठरवा. बायकाबायकांत जमतं ते." अंतिम मंजुरी पुढच्या मंगळवारी.

होदान केकची बशी धरून उभी होती. खाल्ला नाही, ठेवलाही नाही.

१४ डिसेंबर

दोघी दिवसभर गाडीत. हवामानावर बोललो.

१५ डिसेंबर

राजीनामा लिहिला. चार ओळी. बर्निसच्या टपालाच्या खोक्यात टाकला, ती जेवायला गेली होती तेव्हा.

पेन्शन कापली जाईल. जाऊ दे. ती एकतीसची आहे, मी सत्तावन्नची, यात ठरवायचं काय? पण खरं लिहायचं तर — तिला वाचवतेय की एकटीला टाकून पळतेय, मला कळत नाही. टेकडीपलीकडे पुन्हा तीच जाणार. आणि या वेळी ट्रेनिंगलासुद्धा कोणी गेलेलं नसेल.

तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर भांडली असती.

१८ डिसेंबर, सोमवार

सकाळी बर्निसचा फोन. "तुम्ही दोघींनी ठरवून केलंत का गं हे?"

खोक्यात दोन पाकिटं निघाली. एक माझं. दुसरं होदानचं, शुक्रवारचंच. त्यात एक ओळ, 'चीफना राहू द्या.'

बर्निस कुजबुजली, "अजून कोणी बघितलं नाही. कुठलं फाडू, सांग."

म्हटलं, एकही नको. उद्या सभेत, मंजुरीच्या आधी, दोन्ही वाच. मोठ्याने.