सिक्सरनंतरची भाजी

अंबड,
सोमवार, २१ जानेवारी १९७४

प्रिय संपत,

सप्रेम जयभीम. इकडे सगळे मजेत. मालनमावशींचे गुडघे थंडीनं जास्तच धरले असतील, त्यांना माझा नमस्कार सांग. आईनं त्यांच्यासाठी मेथीचे लाडू केलेत. कडूबा कंडक्टरकडे डबा दिलाय, तीर्थपुरीच्या सकाळच्या गाडीनं येईल. डबा हलका लागला तर कडूबाला सोडू नकोस.

दुकान बरं चाललंय. लग्नसराईमुळे दुपारी जेवायला उठता येत नाही. काकाजी मला गादीवर बसवून स्वतः बाहेरच्या बाकावर गप्पा हाणतात.

आता मुद्द्याचं. तीन फेब्रुवारीला, रविवारी, आपल्या मैदानावर फायनल आहे. समोर तेच जालन्याचे. तू यायचंस, आणि नुसतं बघायला नाही, टाकायला.

शाळेच्या परीक्षा, मावशींचे गुडघे, गाडीला गर्दी. डिसेंबरपासून तुझं प्रत्येक पत्र नवं कारण घेऊन येतं. मी कापड विकतो, संपत. घ्यायचंच नसलेलं गिऱ्हाईक कसं बोलतं ते मला कळतं. वर तू खेळायचे बूट शाळेच्या शिपायाला देऊन टाकलेस म्हणे! कडूबानंच सांगितलं. लेका, ते परत माग. लाज वाटत असेल तर माझ्या नावावर माग.

डिसेंबरात जालन्याविरुद्ध तुला ओळीनं तीन सिक्सर बसले आणि मॅच गेली, हे अख्ख्या अंबडला पाठ आहे. तू चहाही न घेता गाडीत बसलास, तेही पाठ आहे. पण त्यानंतरच्या ओव्हरचा तुझा पहिला चेंडू कुणालाच आठवत नाही, याचा मला राग येतो. ती ओव्हर द्यायला आलो तेव्हा तू मला म्हणालास, "गोपी, मला नको देऊ आता. मच्छिंद्रला दे." मी ऐकलं नाही. मंग तू गुगली टाकलीस. फलंदाज दोन पावलं पुढं, चेंडू भलतीकडे वळला, बॅटला लागला नाही, आणि आपल्या रखमाजीलाही कळला नाही! स्टंपिंग राहिलं बाजूला, चार बाय गेले. ज्या चेंडूनं स्वतःच्या विकेटकीपरला फसवलं, तो टाकणारा माणूस बूट वाटत फिरतो.

रखमाजीनं ते मनाला लावून घेतलंय. रोज संध्याकाळी दुकान बंद केलं की आम्ही दोघं मॅटिंग अंथरतो. मी तुझ्यासारखं मनगट वळवून टाकायचा प्रयत्न करतो. चेंडू कुठंही जातो, एकदा तर पाण्याच्या घागरीत गेला. पण रखमाजी आता हाताकडे बघायला शिकलाय. परवा म्हणाला, "मास्तरला सांगा, या टायमाला सुटणार न्हाई."

तुला पहिला सिक्सर कधी बसला ते आठवतं? घनसावंगीच्या एका पोरानं मारला होता. चेंडू उसात गेला, सगळे शोधत होते आणि तुझा चेहरा पांढरा पडला होता. मी जवळ आलो खरा, पण तुला काय सांगावं ते मला सुचेना. बॉलिंगमधलं मला काय कळतं? म्हणून विचारलं, "आज घरी भाजी काय?" तू म्हणालास, "अंबाडी. काहून?" "काही न्हाई. टाक." आणि पुढच्याच चेंडूवर तो बोल्ड! तेव्हापासून प्रत्येक सिक्सरला मी चेंडू पँटला पुसत यायचो आणि भाजी विचारायचो. तुमच्या घरी काय शिजतं ते मला जेवढं माहीत आहे तेवढं आमच्या घरचं नाही.

मनगटानं टाकणाऱ्याचा एखादा चेंडू आखूड पडणार, एखादा डोक्यावरून जाणार. कप्तानानं ते आधीच पोटात घालायला हवं. सिक्सर बसला म्हणून लगेच काढलं, तर तो पुढच्या वेळी वळवायला भितो, सरळ टाकतो, आणि मंग तो तुझ्यासारखा राहत नाही. हेच मी कमिटीसमोर बोललो.

कमिटीचं तुला लिहायचं नव्हतं, पण आता लिहितो. कुणीतरी सांगण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. ते म्हणाले, फायनलला मास्तर नको. मी म्हणालो, संपत नसेल तर मी कप्तान नाही. मला वाटलं, ऐकतील. ते म्हणाले, बरं.

आता मच्छिंद्र कप्तान आहे. रागावू नकोस त्याच्यावर. दुसऱ्याच दिवशी तो दुकानात आला, मान खाली घालून. म्हणाला, "गोपीशेठ, मास्तरबिगर जालन्याची टीम आउट व्हत न्हाई. कमिटीला मी सांगितलं बराबर, मास्तर टीममधी हाय. पण त्याच्या बॉलिंगला फिल्डिंग कशी लावायची, ते मला बिलकुल येत न्हाई." मी कापडाच्या ठाणावर खडूनं सगळं मैदान काढून दाखवलं. स्लिपला कोण, वडाच्या बाजूनंच टाकू दे, सिक्सर गेला तरी पुढची ओव्हर त्यालाच दे. ठाण खराब केलं म्हणून काकाजी ओरडले, ते वेगळं.

भाजीचं मात्र मी त्याला सांगितलं नाही. ते नाही देववलं.

माझ्यासाठी येऊ नकोस. माझी कप्तानी तू आलास म्हणून परत येणार नाही. मला तुझा चेंडू वळताना बघायचाय, एवढंच आहे. खरं सांगायचं तर डिसेंबरपासून मला खेळण्यात गोडी वाटत नाही. तुझी फार आठवण येते.

मी मच्छिंद्रकडून एकच जागा मागून घेतली आहे, लाँग-ऑन. तुझ्या पाठीमागे, पार सीमारेषेवर, तुझे सिक्सर जिथून जातात तिथे. तिथून मला तुझ्याजवळ येता येणार नाही, आणि ओरडून भाजी विचारली तर मैदान हसेल. म्हणून सिक्सर गेला की मागं वळून माझ्याकडे बघ. मी चेंडू पँटला पुसत असेन.

पण एकदा आत्ताच विचारून ठेवतो. आज घरी भाजी काय?

तुझा,
गोपीकिशन
(लाँग-ऑन)