मोसम संपेपर्यंत येऊ नकोस

टोलीडो,
२८ सप्टेंबर १९७६

ती. तेक्लास,
धाकट्या लिओनचा सा. न. वि. वि.

फोन का लागत नाही, असं विचारतेस. तो लागणार नाही. तातांनी तो टॉवेलात गुंडाळून आमच्या घरधनिणीच्या, डोरिसच्या, शिवणयंत्राखाली कोंबला आहे. ऑगस्टमध्ये तू फोन केला होतास. रेडिओवर बेसबॉलचा सामना, आठवी इनिंग चालू होती आणि आपले बगळे चार धावांनी पुढे होते. ताता खुर्चीतून उठून फोनपाशी गेले आणि तुझी खुशाली विचारून परतेपर्यंत सामना हातचा गेला. त्या दिवसापासून घरात फोन बंद, आणि बगळे हरायचं विसरले ते विसरलेच. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच आपण प्लेऑफमध्ये आहोत. तेव्हा मोसम संपेपर्यंत पत्रांवरच भागव.

बाकीचे नियमही कडक आहेत. तातांच्या तपकिरी स्वेटरला पाणी लावायचं नाही. डोरिस म्हणते, आता तो स्वेटर एकटाच चालत मैदानावर जाईल. एकदा मी बिअर आणायला स्वयंपाकघरात गेलो आणि नेमका तेव्हाच होमरन बसला, म्हणून माझी जागा तिथल्या स्टुलावर, फ्रिजकडे तोंड करून. गॅस कंपनीत वीस माणसं माझ्या हाताखाली आहेत, आणि घरी मी फ्रिजला सामना ऐकवत बसतो.

आता वाईट बातमी. तातांच्या हृदयाची झडप कामातून गेली आहे. डॉ. हेलर यांनी आठ ऑक्टोबरला शस्त्रक्रिया ठरवली होती. ताता म्हणाले, मोसम संपल्यावर बघू. डॉक्टर बेसबॉल बघत नाहीत, त्यांनी विचारलं, कुठला मोसम? तेव्हापासून तातांचा त्यांच्यावर विश्वास उरलेला नाही. आणि तू मात्र तोवर येऊ नकोस, असा निरोप आहे. तू मैदानावर आलीस आणि बगळे जिंकले, असं त्यांना एकदाही आठवत नाही. मलाही नाही.

रागावू नकोस. रागावलीस तरी पत्र पाठव.
तुझा,
लिओन


बर्लिंग्टन, व्हर्मॉंट,
१ ऑक्टोबर

चि. लिओन यास,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्यांदा ती थट्टा असावी अशी आशा होती. कोंबड्यांनी दाणे टिपले की युद्धाला निघायचे आणि नाही टिपले की तंबूत बसायचे, ही रोमन सेनापतींची रीत मी दरवर्षी लॅटिनच्या वर्गात सांगते आणि मुली पोट धरून हसतात. त्या सेनापतींनी निदान स्वतःचे हृदय कोंबड्यांच्या हवाली केले नव्हते. एका सुशिक्षित घरातला माणूस शस्त्रक्रिया पुढे ढकलतो आणि त्याचा पन्नाशीचा मुलगा फ्रिजकडे तोंड करून त्याला साथ देतो, हे मला लाजिरवाणे वाटते. तुम्ही बापलेक लाडाने ज्यांना बगळे म्हणता, त्या हेरन्सना माझी बर्लिंग्टनमधली खुर्चीसुद्धा ठाऊक नाही. मी टोलीडोत असले काय, नसले काय, चेंडू जायचा तिथेच जाईल.

मी नऊ तारखेला निघते. येईन ती त्यांना हाताला धरून इस्पितळात नेण्यासाठीच. तातांना तसे स्पष्ट सांग.

डोरिसला माझा नमस्कार. तिला म्हणावे, स्वेटर धू.
तेक्ला


टोलीडो,
५ ऑक्टोबर

चि. तेक्लुशा हिस,
तातांचे पोटभर आशीर्वाद.

लिओनने तुझं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. कोंबड्यांचं फार आवडलं, पुन्हा वाचायला लावलं. बाई, तू म्हणतेस ते सगळं खरं आहे. मी शाळा थोडी शिकलो, पण वेडा नाही. चेंडूला तुझा पत्ता ठाऊक नाही हे मलाही कळतं. पण बगळे एवढे पुढे आले आहेत, आणि आपण काहीतरी हलवलं म्हणून पडले, असं मला उरलेले दिवस वाटत राहायला नको. दिवस थोडे असले तर जास्तच नको.

तू जन्मलीस त्या दुपारी मी मैदानावर होतो. पाचव्या इनिंगला निरोप आला, मी सामना टाकून धावलो. बगळे तेव्हाही हरले. तुझ्यासाठी सामना टाकल्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. म्हणून एकदाच मागतो. यांना एकदा जिंकताना बघू दे. मग तू म्हणशील तो डॉक्टर, तू म्हणशील ती सुरी. मशरूम भरलेल्या पिएरोगी उकडायला डोरिसला आत्ताच सांगून ठेवतो.

तोवर लांबूनच माया कर.
ताता


टोलीडो,
१० ऑक्टोबर

ती. तेक्लास,
सा. न.

ताता फोनला हात लावू देत नाहीत, म्हणून हे पत्र स्पेशल डिलिव्हरीने पाठवतो आहे. तातांचं पत्र वाचून तू निघणं रहित केलंस, तेव्हा मला हायसं वाटलं होतं. आता वाटत नाही.

बगळ्यांनी पहिले दोन्ही सामने मारले. पाचांतले तीन हवेत, म्हणजे आता एकच उरला. लग्रँज स्ट्रीटवर लोक अनोळखी माणसांना मिठ्या मारताहेत. आणि काल सामना संपल्यावर ताता जिन्यात बसले ते उठेनात. ओठ निळे पडले होते. मी इस्पितळाचं नाव काढलं तर म्हणाले, स्टुलावर जाऊन बस, तुझी जागा सोडू नकोस. डॉ. हेलर येऊन गेले. एक आठवडासुद्धा थांबणं शहाणपणाचं नाही, असं त्यांनी मला दाराबाहेर सांगितलं.

तेक्ला, मी फ्रिजकडे तोंड करून बसतो तेव्हा मला सामना ऐकू येत नाही, त्यांचा श्वास ऐकू येतो. माझं ते ऐकत नाहीत, आयुष्यात ऐकलं नाही. तुझं ऐकतात. तू ये. बगळे गेले खड्ड्यात. मिळेल ती गाडी पकड आणि ये.
लिओन


बर्लिंग्टन,
१२ ऑक्टोबर

चि. लिओन यास,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आले तेव्हा बॅग भरून झाली होती. टॅक्सी दारात होती. मी ती परत पाठवली. असे का केले, ते नीट मांडते. मला मांडता येईल असे वाटते.

मी काही मानू लागले आहे, असे समजू नकोस. पण ताता मानतात, आणि आता एकच सामना जिंकायचा उरला आहे. मी दारात उभी राहिले आणि हेरन्स हरले, तर ताता माझ्यावर रागावणार नाहीत. मला क्षमा करतील. ती क्षमा घेऊन त्यांच्या खाटेपाशी बसणे मला जमणार नाही. उलट हेरन्स जिंकले, तर ताता स्वतःच्या पायांनी इस्पितळात जातील; तसा शब्द त्यांनी लिहून दिला आहे. डॉक्टर एक आठवडा म्हणतात, आणि हे सगळे गुरुवारी संपते. विचार करून पाहा, यात चूक कुठे आहे? मला तरी सापडत नाही.

शेवटचा सामना संपताच निघते. जिंकोत की हरोत.

त्यांना उबेत ठेव, आणि तू स्टुलावर बस.
तेक्ला


टोलीडो,
१५ ऑक्टोबर

चि. तेक्लुशा हिस,
तातांचे आशीर्वाद.

हरलो. तू रेडिओवर ऐकलं असशील. तिसरा गेला, चौथा गेला, आणि काल पाचवाही. नवव्या इनिंगला एका धावेने पुढे होतो, त्यांचे दोन गडी बाद, एकच उरला होता. चेंडू उंच चढला, अगदी सोपा, आईनेसुद्धा ॲप्रनमध्ये झेलला असता असा. उजवीकडच्या पोराच्या हातमोज्यात आला आणि बाहेर पडला. मग काय झालं ते लिहीत नाही.

गावात सुतक आहे. समोरच्या नोवाकने टोपी कचऱ्याच्या पिंपात टाकून पेटवली आणि मग रडत बसला. लिओनने फ्रिजला लाथ मारली, पोचा पडलाय. डोरिस त्याच्याशी बोलत नाही. सगळे त्या पोराला शिव्या देताहेत. देऊ नयेत. बावीस वर्षांचं पोर आहे, त्यालाही कुठेतरी घरी जायचंय.

डोरिसने स्वेटर धुतला. मी बघत होतो. फोनही बाहेर काढलाय, पण फोनवर माझा आवाज नीट येणार नाही, म्हणून लिहितो.

आता ये. आता बिघडायचं काही राहिलं नाही.

वाट बघतो. पिएरोगी तयार आहेत.
ताता


बर्लिंग्टन,
२४ ऑक्टोबर

चि. लिओन यास,
आशीर्वाद.

काल परतले. पेटीत तातांचे पत्र होते. त्यांनी ते टपालात टाकले त्या सकाळी मी बसमध्ये होते, आणि दुसऱ्या दिवशी मी टोलीडोच्या थांब्यावर उतरले तेव्हा तू काळ्या टायमध्ये उभा होतास. मी ताता कसे आहेत असे विचारले. तू माझी बॅग घेतलीस आणि म्हणालास, फोन करत होतो, तू उचलला नाहीस.

दफन होईपर्यंत तू माझ्याशी एवढेच बोललास. त्याहून अधिक बोलावे, असे मी मागत नाही.

पत्र सोबत पाठवत नाही. ते माझ्या नावाचे आहे.
तेक्ला


टोलीडो,
२० मार्च १९७७

ती. तेक्लास,
सा. न. वि. वि.

हिवाळाभर लिहिलं नाही. लिहिलं असतं तर एकच लिहिलं असतं. मी ये म्हटलं होतं, आणि कोंबड्यांवर हसणारी तू आली नाहीस. डोरिस मला आठवण करून देते, की फोन शिवणयंत्राखाली ठेवायला मदत मीच केली होती, आणि फ्रिजकडे तोंड करून मीच बसलो होतो. पोचा अजून तसाच आहे.

एप्रिलमध्ये नवा मोसम सुरू होतोय. पहिल्या सामन्याला आपण दोघं जाऊ, तातांच्या जागांवर. तू ये. बगळे हरू देत. खरं सांगू? तू शेजारी असताना ते हरताना मला बघायचेत. का, ते विचारू नकोस. तुला कळेल.
लिओन


बर्लिंग्टन,
१२ एप्रिल

चि. लिओन यास,
अनेक आशीर्वाद.

नीट पोचले. डोरिसने दिलेल्या पिएरोगी वाटेत संपवल्या.

का, ते मला बोलावणे वाचतानाच कळले होते. मीही त्याचसाठी आले; मी असताना ते हरले, तर ऑक्टोबरमध्ये माझे न येणे अगदीच व्यर्थ ठरणार नव्हते. पहिल्या चेंडूपासून शेवटच्यापर्यंत मी जागेवरून हलले नाही. माझ्या मांडीवर तातांचा तपकिरी स्वेटर होता, आणि तू माझ्याकडे पाहत होतास तेवढा मैदानाकडे पाहत नव्हतास. उजवीकडे तोच पोरगा उभा होता. त्याच्याकडे उंच चेंडू आला तेव्हा आपण दोघांनी श्वास धरला. त्याने तो सहज झेलला. बाकीचेही सगळे झेलले. सातास एक. हेरन्सना एवढे सोपे जिंकताना मी कधी पाहिले नव्हते. खरे तर जिंकतानाच कधी पाहिले नव्हते.

सारे मैदान उभे राहिले आणि आपण दोघेच बसून होतो. मागच्या माणसाने तुझ्या खांद्यावर थाप मारून विचारले, अरे बाबा, जिंकलो ना, मग तोंड असे का? तू त्याला काय उत्तर दिलेस, ते मला गोंगाटात ऐकू आले नाही.

लिओन, मला फोन करत जा. सामना चालू असेल तेव्हा कर. कोणत्याही इनिंगला कर.

मी उचलीन.
तेक्ला