ताईच्या क्रियापदाचे तारे

तीर्थरूप मामांना भाच्याचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, म्हणून तूर्त कागदावरच). मामींचा गुडघा आता जिने चढू देतो का? इकडे सगळे ठीक. ताई माझ्याशी बोलत नाही, तेवढं सोडून.

ताईचं पुस्तक आमच्याच छापखान्यात छापलं. अख्खं पुस्तक एका क्रियापदावर! ‘फेरो’, म्हणजे वाहून नेणे. लॅटिनची जी आई, त्या भाषेतलं. ती भाषा कुणी लिहूनच ठेवलेली नाही. मग हिला ते भेटलं कुठे? तर लॅटिनमधलं लेकरू आणि संस्कृत ‘भरति’सारखी भावंडं समोर बसवून, ‘भ’चा ‘फ’ कसा झाला, मी-तू-तो लावल्यावर ते कसं चालत असेल, सगळं तिने वदवून घेतलं. पुढे लॅटिनमध्ये त्याला भूतकाळ दुसऱ्याच क्रियापदाकडून उसना आणावा लागला म्हणे. मी हसलो, तर म्हणाली, “तू ‘जातो’चं ‘गेला’ करतोस, तेव्हा हसतोस का?” मामा, आपल्या घरात एवढी बुद्धी आली कुठून? (तुमच्याकडूनच. आमच्या वडिलांना मी जवळून पाहिलंय.) मला तिचा फार अभिमान वाटतो.

तर अशा प्रत्येक शब्दाआधी तिने तारा दिला होता. आमच्या धंद्यात ताऱ्याचा अर्थ एकच: खाली टीप आहे. पानापानाच्या तळाशी शोधलं, टीप एकही नाही. बिचारी घाईत विसरली, उगाच शोभा नको, म्हणून मायेपोटी मी तिला न विचारता एकूणएक तारे उडवले. आता कळतंय की त्यांच्यात तारा म्हणजे ‘हा शब्द कुठे सापडलेला नाही, आम्ही तर्काने मांडलाय’. म्हणजे न सापडलेलं सापडलं, असं ताई छापून सांगते आहे! लोक स्वतःच्या अकलेचे तारे तोडतात, मी बहिणीच्या अकलेचे तोडले. ती ओरडलीसुद्धा नाही. छापखान्यात बसून प्रत्येक प्रतीत हाताने तारे भरते आहे.

ता. क. खरं काम हे. पहिली प्रत मी उत्साहाच्या भरात परवाच तिच्या सरांना धाडली, म्हणजे तुमच्या शेजारच्यांना. ते तिला खोटारडी समजले, तर ती पुन्हा लेखणी धरायची नाही. तेव्हा काहीही थाप मारा, पण पाकीट फुटायच्या आत घेऊन या. (फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून पत्र मेव्हण्याच्या हाती देतोय.)

पुन्हा ता. क. ताईने हे वाचलं. थापबीप नको म्हणाली आणि स्वतःच सरांना फोन लावला. त्यांचं पुस्तक वाचूनही झालं होतं. म्हणाले, “तारे नव्हते होय? मला तर दिसले. तू न सापडलेलं सापडलं म्हणणारी नव्हेस.” ताई फोन ठेवून रडली आणि मग मला चहा विचारला.

तेव्हा प्रत तिथेच राहू द्या. फक्त पहिल्या पानावर मी हौसेने ‘निर्दोष छपाईची हमी’ असं छापलंय. सरांकडे जाल, तेव्हा तेवढ्यावर चहा सांडा.