माझ्याच फोनला वायफाय नाही

३ मे २०२१, गुंगालिन, ऑस्ट्रेलिया
आजही व्हॉट्सॲप उघडलं नाही. मेल्विन म्हणतो, "मम्मी, मागच्या खोलीत वायफाय नीट पोचत नाही. मध्ये विटांची भिंत आहे." असेल. पण त्याच खोलीत, याच फोनवर काल वसईच्या चर्चमधली मिस्सा लाइव्ह बघितली, एकदाही न अडकता. अख्खी मिस्सा पोचते नि माझ्या बहिणीचा, माग्दाचा साधा मेसेज पोचत नाही? पोटचा पोरगा खरं बोलतोय ना...

४ मे
फोन घेऊन घरभर फिरले. हॉलमध्ये राउटरला खेटून उभी राहिले. वायफायच्या दांड्या सगळ्या भरलेल्या, व्हॉट्सॲप बंदच. बातम्याही नाहीत. शॅरनचा फोन मात्र ओट्यावर सारखा वाजत होता. सून चांगली आहे, पण हल्ली मी किचनमध्ये गेले की फोन पालथा घालते. टीव्हीवर इंडियाचं कोविड सुरू झालं की इवा चॅनल बदलते. "इट्स बोअरिंग, नॅना." नातीलाही पढवलंय?
माग्दा वसईला एकटी. थोरली बहीण. बोलून किती दिवस झाले. माझ्या फोनला नेट फक्त वायफायचं, तिच्याशी बोलणं व्हॉट्सॲपवरच.

६ मे
सरळ विचारलं नाही. बँकेत काउंटरवर बसून एवढं कळलंय, विचारलं की माणूस सावध होतो. मेल्विनला म्हटलं, वायफाय कसं लावतात ते शिकव. खुलला. राउटर घराच्या मध्यात, उंचावर ठेवायचा, मायक्रोवेव्हपासून लांब. पासवर्ड अवघड द्यायचा. सेटिंगच्या पानावर घरातलं काय काय जोडलंय ते सगळं दिसतं, टीव्हीसुद्धा. पासवर्ड माझ्याकडूनच टाइप करून घेतला.
"हा किड्स ग्रुप कसला रे?"
"इवाचा टॅब. स्क्रीन टाइमसाठी." लॅपटॉप मिटला. चहा तसाच ठेवून उठला.

७ मे
दोघं आपापल्या मीटिंगमध्ये. राउटरचं ते पान उघडलं. किड्समध्ये दोन नावं. इवा टॅब. मम्मी फोन. माझ्या नावापुढे मेसेज बंद, बातम्या बंद.
पान फटकन बंद केलं. रागाने. की...

जेवताना विचारलं, "मी इवाएवढी आहे का रे?"
शॅरन म्हणाली, "मम्मी, त्या बातम्या बघून तुमचं बीपी किती वाढलं होतं. जेवत नव्हता तुम्ही."
"माग्दा कुठे आहे?"
"हॉस्पिटलमध्ये. सुधारतेय," मेल्विन म्हणाला. "मावशीच म्हणाली, तुला कळवू नको."
खोटं, म्हटलं. मग त्याने तिचा व्हॉइस मेसेज ऐकवला. तीच. धाप लागलेली. "तिला सांगू नको रे मेल्विन. विमानं बंद आहेत. नुसती रडत बसेल."
"कधीचं आहे हे?"
"परवाचं."
तारीख दाखव म्हटलं. त्याने फोन खिशात घातला.

८ मे
मेल्विन म्हणाला, तुला ग्रुपमधून काढतो. म्हटलं, माझं मी काढते. काढलं.
मेसेज धो धो आले. चर्चच्या ग्रुपचे सगळ्यात जास्त. कोण गेलं ते तिथेच कळतं. तो उघडला नाही. आधी माग्दाला फोन लावला. मेल्विन दारात उभा. शॅरन त्याच्यामागे.
रिंग पूर्ण गेली. उचलला नाही.
"तिकडे अजून पहाट आहे, मम्मी. झोपली असेल." म्हणाला, पण माझ्याकडे न बघता.
झोपली असेल. तासाभराने परत लावते. चर्चचा ग्रुप तसाच आहे, बंद.